कुत्र्याला फिरवताना कायोटी मागे येतो: काय तपासायचं आणि फोन कधी करायचा

मार्च उजाडला की आमच्या फ्रीमाँटच्या मराठी ग्रुपवर तोच मेसेज वेगवेगळ्या नावांनी यायला लागतो, "आज वॉकला कायोटी मागे मागे येत होता, काय करायचं?" कायोटी म्हणजे कोल्ह्यासारखा दिसणारा इथला जंगली प्राणी. मी कुत्री फॉस्टर करते (कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळते), शेजारपाजारच्यांचीही फिरवते, त्यामुळे हा प्रॉब्लेम बऱ्याच घरांसाठी सोडवून झालाय. दरवेळी व्हॉइस नोट पाठवण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते. सगळं बे एरियाच्या (कॅलिफोर्नियातला सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा भाग) हिशोबाने आहे, दुसऱ्या राज्यात असाल तर कायदे आणि फोन नंबर तुमचे तुम्ही बघा, प्राणी मात्र तोच आहे.

लक्षणं

"कायोटी दिसला" हे लक्षण नाही. हवाई सोडून अमेरिकेच्या सगळ्या राज्यांत तो आहे, मिशन पीकच्या पायथ्याशी आणि अलमिडा क्रीक ट्रेलवर तर नेहमीचाच, आणि आपल्याच गावात एका अख्ख्या पार्कचं नाव कायोटी हिल्स आहे. भर दुपारी दिसला म्हणजे पिसाळलाय असंही नाही, घरी पिल्लं असली की आईबाप दिवसाही शिकार शोधत हिंडतात. रस्ता ओलांडून आपल्या वाटेने गेला तर तुम्हीही आपल्या वाटेने जा. रात्री कोल्हेकुई ऐकून "दहा-बारा जण आलेत" असे मेसेजही येतात, पण दोनच जनावरं सूर असे फिरवतात की टोळी वाटते, शिवाय फायर इंजिनचा सायरन वाजला तरी ते ओरडतात.

प्रॉब्लेम म्हणायचा तो असा:

- तुम्ही चालताय तर तो थोडं अंतर ठेवून मागे किंवा बाजूने चालतोय, तुम्ही थांबलात की तोही थांबतोय
- समोर वाटेत उभा आहे, पाठ कमानीसारखी, शेपूट खाली, तोंड उघडून फिस्कारतोय किंवा कोरडं भुंकतोय
- ओरडलात तरी पळत नाही, नुसता बघत बसतो
- कुत्रा एका ठराविक वळणावर रोज अडतो, मानेवरचे केस उभे, पुढे यायला तयारच नाही
- बॅकयार्डच्या कुंपणावर, ड्राइव्हवेवर किंवा पार्कच्या बाकांजवळ ठराविक वेळेला येऊन बसतो
- ट्रेलच्या मधोमध विष्ठा, त्यात केस आणि फळांच्या बिया. हे एकटंच असेल तर फक्त माहिती समजा, वरच्यापैकी दुसरं काही सोबत असेल तर लक्ष द्या

आधी हे ठरवा: तो कशासाठी मागे येतोय

इथे जरा वेळ द्या, कारण मागे येण्याचे दोन प्रकार आहेत आणि दोघांचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. यूट्यूब बघून सगळ्यांना एकच उपाय माहीत झालाय, हात वर करून ओरडा, आणि निम्म्या वेळा तो चुकीच्या ठिकाणी वापरला जातो.

पहिला प्रकार म्हणजे हद्दीबाहेर पोचवणारा. कायोटीची जोडी जानेवारी ते मार्चमध्ये जमते, साधारण दोन महिन्यांनी म्हणजे एप्रिल-मेच्या सुमाराला पिल्लं होतात, आणि तेव्हापासून उन्हाळा संपेपर्यंत त्या परिसरात आलेला कुत्रा हा त्यांच्या दृष्टीने पिल्लांचा शत्रू असतो. मग तुमचा लॅब्रॅडॉर घरी कितीही गरीब गाय असो. असा कायोटी तुमच्याकडे कमी आणि कुत्र्याकडे जास्त बघतो, ठराविक जागेला मागे लागतो आणि ठराविक जागेला सोडून देतो. शिकार करायची नसते त्याला, तुम्ही निघून जा एवढंच म्हणणं असतं.

दुसरा प्रकार म्हणजे माणसाकडून खायला मिळतं हे शिकलेला. हा कुठल्याही महिन्यात येतो, कुत्रा सोबत नसला तरी येतो, तुमच्या हाताकडे आणि पिशवीकडे बघतो, पार्किंग लॉट आणि पिकनिक टेबलांच्या आसपास रेंगाळतो.

ओळखायची सगळ्यात स्वस्त टेस्ट: त्याच जागी, त्याच वेळेला, कुत्र्याशिवाय जा. मोठ्या माणसाने जायचं, दोघं असाल तर उत्तम, हातात खायचं काही नको. तुमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही तर पहिला प्रकार, तरीही जवळ आला तर दुसरा. पहिला असेल तर तिथून निघायचं आणि रस्ता बदलायचा, दुसरा असेल तर हाकलायचं आणि खाणं बंद करायचं. बिळाजवळ उभं राहून आरडाओरडा केला तर ते जागा सोडत नाहीत, पिल्लं टाकून जातील कुठे, उलट अजून जवळ येतात, मग लोक म्हणतात हाकलून काही उपयोग होत नाही.

लीश

याला फार तर पंधरा डॉलर लागतात आणि मला आलेल्या निम्म्या केसेस इथेच संपतात. बटण दाबून लांब होणारी लीश (कुत्र्याला धरायची दोरी) कपाटात टाका आणि साधी सहा फुटी घ्या. लांब होणाऱ्या लीशवर कुत्रा पंधरा-वीस फूट पुढे असतो, तेवढ्या अंतरावरून कायोटीला तो एकटाच वाटतो, आणि वेळ आली की ती बारीक दोरी हाताने ओढता येत नाही, हात कापतो. तुमचं अंग हेच कुत्र्याचं संरक्षण आहे, म्हणून तो अंगाजवळ हवा.

मोकळा सोडायचा तर प्रश्नच नाही. "कायोटी खेळायचं नाटक करून कुत्र्याला टोळीकडे ओढून नेतो" ही गोष्ट प्रत्येक पॉटलकला कुणीतरी सांगतंच, पण होतं असं की मोकळा कुत्रा त्याच्या मागे धावतो, तो घाबरून घराकडे पळतो, आणि घरी त्याचा जोडीदार असतो. कायोटी ताशी चाळीस मैलांपर्यंत पळू शकतो, त्यामुळे "आमचा हस्की पकडेल त्याला" वगैरे सोडा.

कुत्र्याच्या साइजप्रमाणे धोकाही वेगळा असतो. आपल्याकडचे कायोटी साधारण २० ते ३५ पाउंडांचे, हिवाळ्यात केसांमुळे मोठे दिसतात. शिह त्झू, माल्टीज, पॉमेरेनियन हे त्याला भक्ष्य वाटू शकतात, म्हणजे धोका बारा महिने. मोठ्या कुत्र्यांचा प्रश्न मुख्यतः जोडी जमण्याच्या आणि पिल्लांच्या दिवसांत येतो. आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांच्या हातात मोठा कुत्रा देऊन संध्याकाळी ट्रेलवर पाठवू नका, कायोटी राहिला बाजूला, कुत्र्याने एक हिसका दिला तर तेच पडतील.

वेळ आणि रस्ता

हे फुकट आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात, सकाळी सातचा वॉक आदल्या आठवड्यात उजेडात होत होता तो एकदम अंधारात जातो, आणि नेमके तेच दिवस कायोटी पिल्लांसाठी जागा धरायचे. तुम्ही काहीच बदललेलं नसतं, घड्याळाने बदललेलं असतं. म्हणून महिनाभर वॉक पाऊण-एक तास पुढे ढकलून बघा. नोव्हेंबरमध्ये संध्याकाळच्या वॉकची तीच गंमत होते, तेव्हा ऑफिसमधून येऊन लगेच अंधारात निघण्याऐवजी दुपारच्या ब्रेकमध्ये एक चक्कर मारता येते का ते बघा, घरून काम करणाऱ्यांना तर सहज जमतं.

रस्ता बदलायचा म्हणजे ती अडचणीची जागा उन्हाळाभर सोडायची. बीळ साधारण दोन-अडीच महिन्यांत सुटतं पण पिल्लं त्याच परिसरात वाढत असतात, म्हणून ऑगस्टअखेरपर्यंत धीर धरा. सॅन फ्रान्सिस्कोत प्रेसिडियोमध्ये याच कारणासाठी पिल्लांच्या दिवसांत काही ट्रेल्सचे भाग कुत्र्यांना बंद करतात, आणि तो बोर्ड असताना "आमचा काही करत नाही" म्हणून आत शिरणारे आपल्यातलेही असतात. क्रीकच्या काठची झुडपं, ब्लॅकबेरीची जाळी, उंच गवत यापासून लांब, रस्त्याच्या मोकळ्या बाजूने चाला. आणि इअरबड्स काढा, निदान एका कानातला तरी.

खाणं

इथे आपली मराठी घरं स्पेशल आहेत, म्हणून सविस्तर. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतात, अन्न टाकवत नाही, मग उरलेला भात आणि पोळीचे तुकडे कुंपणाजवळ पक्ष्यांसाठी. पक्षी खातात तेवढं खातात, उरलेलं रात्री उंदीर खातात, आणि उंदरांच्या मागे कायोटी येतो. पितृपक्षात कावळ्यासाठी ठेवलेलं पान संध्याकाळपर्यंत तसंच असतं, त्यात खीर, वडे, आणि सप्टेंबरमध्ये नेमकी त्या वर्षीची पिल्लं मोठी होऊन स्वतः खाणं शोधायला लागलेली असतात. पान ठेवू नका असं मी कुणाला सांगत नाही, सांगितलं तरी कोण ऐकणार, पण तासाभराने आत घ्या आणि घासाला कावळा शिवेपर्यंत तिथे कुणीतरी बसा.

बाकीची यादी पटकन: झाडाखाली पडलेली अंजिरं, लोकाट, प्लम, पर्सिमन रोज उचला (विष्ठेत दिसणाऱ्या बिया बऱ्याचदा आपल्याच अंगणातल्या असतात), बर्ड फीडरखाली सांडलेले दाणे, बाहेर ठेवलेलं कुत्र्याचं किंवा मांजराचं खाणं, ग्रिलखालचं तेल. हिरव्या बिनमध्ये खरकटं जातं, ती आदल्या रात्री बाहेर न ठेवता पहाटे ठेवा. शेजारी मोकाट मांजरांना खायला घालत असतील तर जाऊन बोला, चिडून नाही, त्यांना मांजरांचीच काळजी असते आणि कायोटीला ती वाटी आणि मांजर दोन्ही चालतं हे ऐकून बहुतेक जण वाटी तरी आत घेतात. कुणी मुद्दाम कायोटीला खायला घालत असेल, फोटोसाठी वगैरे, तर कॅलिफोर्नियात ते बेकायदेशीर आहे आणि ते सरळ कळवायचं.

उंदरांना विष घालू नका. विष खाल्लेला उंदीर कायोटी खातो, घुबड खातं, उद्या तुमचा कुत्राही खाईल.

घरातलं सगळं बंद केलं तरी फरक दिसायला काही आठवडे जातात, कारण तो सवयीने येऊन बघत राहतो. दोन दिवसांत "काही उपयोग नाही" असे मेसेज पाठवू नका.

हाकलणं, पण नीट

हे दुसऱ्या प्रकारासाठी, किंवा तुमच्या अंगणात, सोसायटीच्या रस्त्यावर निवांत बसलेल्यासाठी. बिळाच्या परिसरात नाही, तिथे तोंड त्याच्याकडे ठेवून हळू हळू मागे सरायचं. पळायचं कुठेच नाही.

छोटा कुत्रा असेल तर आधी उचला, मोठा असेल तर लीश आखडून आपल्या मागे घ्या. मग नजर त्याच्यावर, हात वर, दोन पावलं त्याच्या दिशेने, आणि आवाज पोटातून. "हाड!" चालतं, त्याला भाषेशी देणंघेणं नाही. अडचण अशी की आपले लोक शेजारी काय म्हणतील म्हणून "शूऽ शूऽ, गो गो" असं कुजबुजतात आणि कायोटी तसाच बसतो, कारण त्याला कुणी काही म्हटलंच नाहीये. ओरडायची लाज वाटत असेल तर एअर हॉर्न घ्या, मिटलेली छत्री त्याच्या दिशेने फटकन उघडा, रिकाम्या कॅनमध्ये नाणी घालून वाजवा. आमच्या इथल्या एक काकू स्टीलची थाळी आणि पळी घेऊन फिरतात, थट्टा झाली बरीच, पण त्यांच्या गल्लीत आता कुणी रेंगाळत नाही. काही फेकायचं तर त्याच्या जवळपास, अंगावर नाही. आणि एअर हॉर्न घरी एकदा वाजवून कुत्र्याला दाखवा, नाहीतर पहिल्यांदा वाजल्यावर कायोटी राहील तिथेच आणि कुत्रा लीश सोडवून पळेल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तो पूर्ण दिसेनासा होईपर्यंत हाकलणं थांबवायचं नाही. दहा पावलं जाऊन वळून बघतो, तेव्हाच लोक फोन काढून व्हिडिओ घेतात. त्यातून तो शिकतो की जरा दम धरला की माणसं गप्प होतात, आणि पुढच्या माणसाला हाकलणं अवघड जातं. त्याला पळायला एक बाजू मोकळी ठेवा, कोपऱ्यात अडकवलेला कुठलाही प्राणी चावतो. गल्लीतल्या सगळ्या घरांनी केलं तरच टिकतं, एका घरी हाड आणि दुसऱ्या घरी पोळी असेल तर पोळी जिंकते.

जाकीट आणि कुंपण

छोट्या कुत्र्यांसाठी काटेरी जाकिटं मिळतात, मान आणि पाठ झाकतात. चालतात, पण लीश आखूड नसेल तर त्यावर पैसे घालू नका.

कुंपण सगळ्यात महाग म्हणून शेवटी. सहा फूट उंची ही किमान समजा, आणि नुसत्या सहा फुटी लाकडी कुंपणाला पाय लावून तो वर चढू शकतो, म्हणून वरच्या कडेला फिरणारे रोलर बसवतात, पंजा ठेवला की नळी फिरते आणि पकड मिळत नाही. तळाशी मजबूत जाळी एल आकारात वाकवून बाहेरच्या बाजूला जमिनीत पुरायची, कारण कुंपणाला लागून उकरतो. गेटखालची फट विसरली जाते, ती आधी बघा. रोलर लावण्याआधी एचओएची (घरमालकांच्या संघटनेची) परवानगी आणि शहराचा कुंपणाच्या उंचीचा नियम तपासा. आणि कुंपण कितीही भारी केलं तरी छोट्या कुत्र्याला रात्री एकटं बॅकयार्डमध्ये सोडू नका, दार उघडून सू-शीसाठी दोन मिनिटं सोडलं तीच दोन मिनिटं असतात.

इथे थांबा आणि फोन करा

कुत्र्याला चावलं असेल तर याच क्षणी इमर्जन्सी व्हेट, जखम कितीही छोटी दिसो. हळद लावून सकाळी बघू हे करू नका. कायोटी धरून झटके देतो, त्यामुळे बाहेर दोन भोकं आणि आत स्नायू फाटलेले, छातीला लागलं असेल तर फुप्फुसापर्यंत. रेबीजचं सर्टिफिकेट सोबत न्या, लस झालेली असली तरी बूस्टर देतात. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, प्राण्यांच्या लघवीतून पसरणारा आजार) लशीबद्दलही व्हेटशी एकदा बोलून ठेवा.

माणसाला चावलं असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि ईआरमध्ये (हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागात) जा. आई-बाबांना पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती असते, ते दिवस गेले, आता दंडात चार आणि पहिल्या दिवशी जखमेच्या आसपास एक वेगळं औषध. व्हिजिटर इन्शुरन्स आहे का हा प्रश्न नंतर, कारण रेबीजची लक्षणं सुरू झाली की उपाय नसतो. हल्ला चालू असेल तर ९११. माणसांवर हल्ले फार दुर्मिळ आहेत, जीव गेल्याची नोंद दोनदाच आहे, १९८१ मध्ये ग्लेनडेलला एक लहान मुलगी आणि २००९ मध्ये कॅनडात केप ब्रेटनला एक तरुणी, पण पहिली घटना कॅलिफोर्नियातली आणि मूल तीन वर्षांचं होतं, म्हणून मुलांना अंगणात एकटं सोडताना हे लक्षात असू द्या.

घरच्या डेकखाली पिल्लं असतील, कायोटी लडखडत किंवा गोल गोल फिरत असेल, लीशवरच्या कुत्र्यावर तुमच्यासमोर झेप घेतली असेल, किंवा कुत्रा नसताना माणसाजवळ येऊन नीट हाकलूनही हलत नसेल, तर स्वतः प्रयोग थांबवा. धूर करणं, बीळ बुजवणं, काठी घेऊन जाणं, काही नको. अंगावरचे केस गेलेला, उन्हात पडलेला दिसला तर बहुतेक वेळा ती खरूज असते, पिसाळलेला नसतो, पण औषध घातलेलं मांस वगैरे ठेवू नका, वाइल्डलाइफ रेस्क्यूला कळवा.

एचओएकडून बहुधा एक पत्रक येईल, ते वाचा, पण त्यावर थांबू नका. शहराच्या रस्त्यावर असेल तर शहराची ॲनिमल सर्व्हिसेस, ट्रेल किंवा रीजनल पार्कमध्ये असेल तर पार्क डिस्ट्रिक्ट, शिवाय राज्याच्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याचा ऑनलाइन रिपोर्ट. "पकडून डोंगरात सोडा" अशी मागणी करू नका, कॅलिफोर्नियात परवानगीशिवाय वन्य प्राणी दुसरीकडे नेऊन सोडता येत नाही, पकडला तर बहुतेक वेळा मारतात, आणि रिकाम्या जागेत काही दिवसांत दुसरा येतो. तुमच्या गल्लीतलं खाणं तसंच असेल तर तो दुसराही मागे मागे येईल.

फोनवर "कायोटी आलाय" एवढंच सांगितलं तर नोंद होते आणि पडून राहते. हे सांगा: नेमकी जागा, वेळ, किती होते, कुत्रा सोबत होता का आणि लीशवर होता का, अंतर साधारण किती, तुम्ही काय केलंत आणि त्यावर त्याने काय केलं, आसपास कुठे खाणं ठेवलेलं दिसलं का. कुत्र्याशिवाय जाऊन बघितलं असेल तर तेही सांगा, फोनवरचा माणूस पुढचा प्रश्न तोच विचारतो.